कार्डाचं कर्ज पाच वर्षांनीही निम्मं का उरतं?

समजा, क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपयांचं देणं साठलं आहे. त्या दिवसापासून कार्ड वापरणं बंद केलं, नवी खरेदी एकही नाही, आणि बिलावर छापलेली किमान रक्कम दर महिन्याला न चुकता भरली. पाच वर्षांनी किती देणं उरेल? सुमारे २६,००० रुपये. आणि तोवर खिशातून गेलेले असतील जवळजवळ १ लाख ११ हजार.

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीतला पगार असो की शहापूरच्या मागावरची मजुरी, महिन्याचा मेळ कसाबसा बसवणाऱ्या घरात हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. म्हणून तो इथे सावकाश मांडतो.

कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के असतं, काही कार्डांचं पावणेचार. ऐकायला लहान वाटतं, पण साडेतीनचे वर्षाला ४२ टक्के होतात. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांच्या देण्यावर महिन्याला ४ रुपये १३ पैसे. किमान रक्कम अनेक कार्डांवर देण्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. पाच रुपये भरले की त्यातले चारच्या आसपास व्याजात आणि करात जातात. मूळ देणं जेमतेम रुपयाभर हलतं.

खरी मेख पुढे आहे. देणं थोडं कमी झालं की पुढच्या महिन्याची किमान रक्कमही तेवढीच कमी होते, कारण ती देण्याच्या टक्केवारीवर ठरते. भरणा आणि देणं दोन्ही बरोबरीने आटत जातात. किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य काढतात त्याच सूत्राने या कर्जाचंही काढता येतं, आणि ते येतं सुमारे ६४ महिने, म्हणजे देणं निम्मं व्हायलाच एवढा काळ. उरलेलं निम्मं व्हायला पुन्हा ६४ महिने.

आता यातली एकच गोष्ट बदलू. पहिल्या महिन्याची किमान रक्कम २,५०० रुपये होती. बिलावरचा आकडा पुढे कितीही खाली आला तरी आपण २,५०० च भरत राहायचं. तेच कर्ज ३९ महिन्यांत पूर्ण फिटतं आणि एकूण साधारण ९७,००० रुपये जातात. पोटाला चिमटा काढून ४,००० भरता आले तर १७ महिने पुरतात आणि एकूण ६८,००० च्या आत काम होतं. महिन्याला दीड हजार जास्त, आणि शेवटी वाचतात जवळपास तीस हजार. कुठल्याही भिशीत किंवा ठेवीत एवढी कमाई नाही. म्हणूनच माझं ठाम मत आहे, की हातातल्या शिलकीतले महिना-दीड महिन्याच्या घरखर्चाचे पैसे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत आणि बाकीचे कार्डात घालावेत. सात टक्क्यांच्या ठेवीला जपत बेचाळीस टक्क्यांचं व्याज भरणं परवडणारं नाही.

मग एवढी माणसं किमान रकमेवरच का थांबतात? मानसशास्त्रात याला ‘अँकरिंग’ म्हणतात. समोर दिसलेल्या आकड्याला मन नकळत चिकटतं. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाचे नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या दोन गटांना कार्डाचं एकच बिल दोन प्रकारे दाखवलं होतं. किमान रक्कम छापलेली असताना, अर्धवट भरणा करणाऱ्यांनी सरासरी २३ टक्के बिल भरायचं ठरवलं. ती ओळ काढून टाकलेल्या गटात तोच आकडा ४० टक्क्यांवर गेला. बिल तेच, फरक एका ओळीचा. म्हणून बिल उघडण्याआधी आपला आकडा आपण ठरवून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवणं हा खरोखर परिणामकारक उपाय आहे.

दुसरा प्रयोग तर चिकोडी, अथणी, रायबाग भागातल्या कुणालाही आपलाच वाटेल. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची विचारशक्ती संशोधकांनी दोनदा तपासली. एकदा तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा उसाचे पैसे हातात आल्यावर. सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान साप्ताहिकात आला. तोच शेतकरी ओढगस्तीच्या दिवसांत चाचणीत कमी पडत होता. या निष्कर्षांवर नंतर वाद झाले, पण मुद्दा फार मोलाचा आहे. आपल्याकडे कर्जात बुडालेल्याला ‘याला हिशेबच कळत नाही’ असं सहज म्हटलं जातं. पैशाची चणचणच डोक्याची बरीच जागा अडवून बसते, हे त्या घरातल्या माणसांना आणि त्यांच्या नातेवाइकांनाही माहीत असायला हवं.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. कार्डाची तारीख दर महिन्याला येते, पण अनेक घरांत पैसा तसा येत नाही. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, तरी कारखान्याचे पैसे लांबतात हा इथला जुना अनुभव आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपयेही ठरल्या तारखेला येतीलच असं नाही. अशा घराने महिन्याचा ठरलेला आकडा झेपेल एवढाच ठेवावा आणि उसाचं बिल किंवा बोनस आला की त्यातला मोठा वाटा त्याच दिवशी कार्डात भरावा. त्याच दिवशी म्हणण्याला कारण आहे. देणं थकलेलं असताना व्याज रोज शिल्लक असलेल्या देण्यावर चढतं. १०,००० रुपये देय तारखेपर्यंत दहा दिवस घरात राहिले तर जीएसटीसकट सुमारे १३६ रुपये जादा जातात. आणि मागचं देणं शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा कर्ज फिटेपर्यंत बाजार रोखीने करावा.

दोन-तीन कार्डं असतील तर आधी कुठलं? गणित म्हणतं, ज्याचा दर जास्त ते. पण कार्डांच्या दरांत फारसा फरक नसतो, म्हणून मी लहान देण्याचं कार्ड आधी संपवायला सांगेन. सिंगापूरमध्ये कमी उत्पन्नाच्या कर्जदारांची देणी एका संस्थेने फेडली, त्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्जाची जितकी जास्त खाती बंद झाली, तितकी माणसांची चिंता कमी झाली आणि विचार स्पष्ट झाले. रकमेइतकाच खात्यांच्या संख्येचाही भार मनावर असतो.

महागडं कर्ज स्वस्तात वळवण्याचा मार्गही आहे. उरलेल्या देण्याचे हप्ते पाडून द्या असं बँकेला सांगता येतं. त्याचा दर सहसा बराच कमी असतो, फक्त प्रक्रिया शुल्क आधी विचारावं. सोनं गहाण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी ५०,००० घेतले आणि महिन्याला तेच ४,००० भरले, तर १४ महिन्यांत ५४,००० च्या आत सुटका होते. पण पाटल्या घरातल्या बाईच्या असतात. निर्णयही तिचाच असावा, आणि कार्ड पुन्हा वापरायचं नाही हे घरात पक्कं झाल्यावरच तो घ्यावा. दराला सरकारी चाप बसेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

वसुलीसाठी धमक्या किंवा शिवीगाळ झाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि शेवटचा रुपया भरून झाला की कार्ड बंद करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. देणं बाकी नसेल तर बँकेने ते कामाच्या सात दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात.