लिनक्स टाकताना मशीन अडकलं? आधी कॅप्स लॉकचा दिवा बघा

लिनक्स टाकताना स्क्रीन मध्येच थिजली, माउसचा बाण हलेना, की हात थेट पॉवरच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. आता बटण दाबलंत तर काय अडकलं होतं हे सांगणारा पुरावाच जाईल.

कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. अडकलंय ते चित्र किंवा एखादा प्रोग्रॅम. न दाबताच दिवा लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक झालंय, म्हणजे गाभाच कोसळलाय. ही खूण लॅपटॉपवर दिसते, यूएसबी कीबोर्डवर सहसा नाही. दिवा अजिबात दाद देत नसेल तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. ग्राफिकल पडद्यावर हा दिवा डिस्प्ले सर्व्हरच्या, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती असतो, त्यामुळे तो प्रोग्रॅम अडकला तरी दिवा गप्प राहतो. उबंटू किंवा डेबियन असेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून बी दाबा. मशीन रीस्टार्ट झालं, तर कर्नल ऐकत होता. नाही झालं, तर सगळंच गोठलंय, आणि संशय रॅम, प्रोसेसर किंवा बोर्डवर जातो.

पेनड्राइव्हवरून सुरू होतानाच स्क्रीन काळी पडत असेल तर बहुतेक वेळा कारण ग्राफिक्स कार्ड असतं. बूट होताना कर्नल स्वतःच कार्डाचा ड्रायव्हर उठवून स्क्रीनचा मोड ठरवतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी हे काम बहुधा नूवो ड्रायव्हरकडे येतं, आणि नवीन कार्डांवर तो अनेकदा तिथेच अडखळतो. ग्रबचा, म्हणजे बूटच्या सुरुवातीचा, मेनू आला की ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, त्यातले क्वाएट आणि स्प्लॅश खोडा आणि शेवटी नोमोडसेट लिहा: इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, सलग. मग एफ-१०. आता ड्रायव्हर बाजूला राहतो आणि फर्मवेअरने (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमने) बूटच्या वेळी दिलेल्या साध्या चित्रावर काम चालतं. रिझोल्यूशन ओबडधोबड असतं, खिडक्या रेंगाळतात, पण इन्स्टॉलेशन पार पडतं. नंतर योग्य ड्रायव्हर टाकून हा शब्द काढायलाच हवा; तो राहिला तर इंटेल आणि एएमडीच्या कार्डांचे चांगले ड्रायव्हरही उठत नाहीत.

क्वाएट खोडण्याचा दुसरा फायदा असा की कर्नलचे संदेश पडद्यावर सरकताना दिसतात. अडकल्यावर शेवटच्या ओळींचा मोबाइलने फोटो काढा. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालताना, लॉग (संदेशांची नोंद) रॅममध्येच राहतो, रीस्टार्ट केला की गेला.

आता रॅम. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल, कधी १५ टक्क्यांवर तर कधी ७० वर, तर रॅमच तपासा. इन्स्टॉलरची बहुतेक सामग्री दाबून बांधलेली असते. ती रॅममध्ये सोडवून डिस्कवर लिहिली जाते, आणि त्यात एक बिट जरी उलटलं तरी अख्खा ब्लॉक बाद होतो. एरवी रॅमचा जो कोपरा क्वचित वापरला जातो, तोही इथे कामाला लागतो. म्हणून 'विंडोज तर नीट चालत होतं' हा पुरावा पुरत नाही. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ प्लसची ६ किंवा पुढची आवृत्ती यूईएफआय फर्मवेअरच्या नव्या मशीनवरही चालते. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, जमलं तर रात्रभर. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. लगेच नवीन रॅम घेऊ नका: आधी बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद करा, कारण कधी कधी वाढवलेला वेगच नडतो. मग एकाच स्लॉटमध्ये एकेक स्टिक लावून तपासा. निर्दोष निघालेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये चुका देऊ लागली, तर दोष स्लॉटचा.

नेमकं त्याच टक्क्यावर अडकत असेल तर पेनड्राइव्ह किंवा डिस्क. स्क्वॉशएफएस (इन्स्टॉलरची दाबून बांधलेली सामग्री) एरर दिसली की आयएसओचा, म्हणजे डाउनलोड केलेल्या फाइलचा, एसएचए-२५६ हा आकडी ठसा वेबसाइटवरच्याशी जुळवा आणि पेनड्राइव्ह बदलून बघा. डिस्क साटाची (केबलने जोडलेली) असेल तर स्मार्टच्या, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीच्या, तक्त्यात ५, १९७ आणि १९९ या ओळी वाचा. पहिल्या दोन वाढत असतील तर डिस्क थकली आहे, डेटा हलवा. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्कला हात लावू नका, केबल बदला.

मशीन रिकामं बसलं की गोठत असेल तर प्रोसेसरच्या झोपेकडे बघा. इंटेलच्या बे ट्रेल चिप्सवर सी-स्टेट (झोपेची पातळी) एकपर्यंत मर्यादित ठेवणारा कर्नल पर्याय हा माहीत असलेला उपाय आहे. सुरुवातीच्या रायझनवर बायोसमधली पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल ही सेटिंग टिपिकल करंट आयडल करतात, कारण गाढ झोपेत प्रोसेसर इतका कमी करंट घेतो की काही पॉवर सप्लायना तो सांभाळता येत नाही.

उपाय सापडला, तरी अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलेशनवरूनच पुढे जाऊ नका. त्यावर बिघडलेल्या फायली पडलेल्या असू शकतात. ते पार्टिशन पुन्हा फॉरमॅट करा. शेजारचं डेटाचं पार्टिशन मात्र त्याआधी आकारावरून ओळखून घ्या.