पंप एक एचपीचा, मग मीटर जास्त का दाखवतो?

पाऊस सरला की गोव्यात फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पोफळींना पाणी लावायला सुरुवात होते, आणि महिन्याभरात बिलाची कुरकुरही. हिशोब सहसा असा मांडतात: एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, रोज दोन तास, म्हणजे दीड युनिट. मीटर मात्र अडीचच्या आसपास पुढे सरकलेला असतो.

मीटर बिघडलेला नसतो. पंपाच्या पाटीवरचा एचपी म्हणजे मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती. मीटर मोजतो ती आत शिरणारी वीज. लहान सिंगल फेज मोटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ७४६ वॅट मिळवायला सुमारे १२५० वॅट आत घालावे लागतात. उरलेले मोटर तापवण्यात जातात.

वॅट हा वीज खर्च होण्याचा वेग. एक किलोवॅटचा भार तासभर चालला की एक युनिट, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. त्यामुळे 'पंप तासाला किती किलोवॅट खातो' हा प्रश्नच चुकीचा. बिलावरही मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो आणि वापर किलोवॅट-तासांत.

खात्री घरीच करता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि जवळच, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. पंप सोडून बाकी सगळं बंद करा. फ्रिज आणि इन्व्हर्टर हमखास विसरतात, आणि मग आकडा फुगतो. पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हणा. 'एक' म्हटलंत तर दहाऐवजी नऊच अंतरं मोजली जातील. 'दहा'ला सेकंद बघा. दहा लुकलुकी म्हणजे ३६,००० भागिले ३२००, म्हणजे ११.२५ किलोज्यूल (मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३२०० च्या जागी तो घ्या). या ११.२५ ला त्या सेकंदांनी भागलं की किलोवॅट मिळतात. नऊ सेकंद लागले तर १.२५ किलोवॅट, दोन तासांना अडीच युनिट, महिन्याला ७५.

व्होल्टेज घसरलं की गिझर नुसता सावकाश तापतो. पंपाची मोटर मात्र तेवढंच काम ओढायला जास्त करंट घेते, आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं ते इथेच.

एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खोल गेलं की वेगळीच गंमत होते. पाणी कमी चढत असल्याने साधा सेंट्रिफ्यूगल पंप उलट थोडे कमी वॅट घेतो, पण तेवढंच पाणी द्यायला तास वाढतात. युनिट वाढतात ती या तासांमुळे.