मशीद स्टेशनातली 'मशीद' कोणाची?

मुंबईच्या मशीद स्टेशनातून पश्चिमेला उतरून हातगाड्या, हमाल आणि घाऊक मालाची पोती चुकवत सॅम्युअल स्ट्रीट गाठला, की आपण इस्राएल मोहल्ल्यात असतो. इथे दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, दिसली, तर ते बेने इस्राएल घर, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंचं. आता अशी दारं शोधावी लागतात.

जहाज फुटून कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यावर बचावलेल्या सात जोडप्यांची कथा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेलं शनिवार तेली हे नाव सगळ्यांना माहीत आहे. मोहल्ल्याची गोष्ट त्यानंतरची, अठराव्या शतकातली. दिवे, केहीम, पेण, रोहा इथली कुटुंबं गावाचं नाव आडनावात घेऊन मुंबईत आली. कुणी कंपनीच्या फौजेत शिरलं, कुणी सुतारकाम धरलं, पुढे बरेच कारकून झाले. ही माणसं दुसऱ्या देशातून आलेली नव्हती, खाडीपलीकडून आली होती, आणि घरात बोलत होती ती मराठीच.

फौजेतला एक दिवेकर अधिकारी टिपूच्या कैदेत पडला. जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस त्यानं केला, असं परंपरा सांगते. 1796 मध्ये ते घर उभं राहिलं: शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. 1860 मध्ये ते सध्याच्या जागी हललं.

खरा गुंता आहे तो 'मशीद' या शब्दाचा. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. दिवेकरांची ती जुनी मशीद, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जवळच उभी राहिली ती नवी मशीद. सिनेगॉग हा इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेला शब्द. रेल्वेनं स्टेशनाला मशीद हे नाव दिलं ते याच जुन्या मशिदीवरून, असं समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. परिसरात मुसलमानांच्या मोठ्या मशिदीही आहेत, त्यामुळे नाव त्यांच्यावरून पडलं असंही म्हणणारे आहेत. माझा कल पहिल्या बाजूला आहे. पण स्टेशनाच्या वादापेक्षा मला तो शब्दच मोलाचा वाटतो. कोकणात शेजाऱ्यांशी बोलताना जो शब्द सहज कळेल तो या लोकांनी उचलला, आणि तो परका आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. सणांचंही तसंच: रोश हशाना तो नव्याचा सण, योम किप्पूर तो दारफाळणीचा. नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. ते ताट कोकणाशिवाय कुठे भरलं असतं?

मोहल्ला आहे तो मांडवी भागात, आणि 1896 मध्ये मुंबईतला प्लेग याच मांडवीत पहिल्यांदा आढळला. विसाव्या शतकात समाजाची वस्ती आग्रीपाडा, जेकब सर्कल, भायखळा आणि पुढे ठाण्याकडे वाढत गेली. भायखळ्याचं मोठं सिनेगॉग आणि काळ्या घोड्याजवळचं निळं, ही दोन्ही बगदादी व्यापाऱ्यांची. त्यांची भाषा, रीत, पैसा सगळं वेगळं, तरी पर्यटकांना दोन्ही समाज एकच वाटतात.

1948 मध्ये इस्रायल देश झाल्यावर लोक तिकडे गेले आणि मोहल्ला झपाट्यानं रिकामा झाला. तिकडे गेलेल्यांना 1962 मध्ये नवा धक्का बसला. लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असं तिथल्या धर्मपीठानं ठरवलं. मराठीत प्रार्थनेचे अर्थ शिकलेल्या, शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, कधी न मोडलेल्या माणसांना ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. त्या अपमानाला दुसरा शब्द नाही. 1964 मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरल्यावर इस्रायलच्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं. इकडे महाराष्ट्रानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये.

पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मोहल्ला भरलेला असताना ते शेजारच्या जिन्यांवरूनच उतरून येत. जुनी मशीद मात्र अजून तिथेच आहे.