आमदारकी (महाराष्ट्र विधानसभा)

महाराष्ट्राच्या २८८ जागांच्या विधानसभेचे सदस्यत्व म्हणजे आमदारकी. (विधानपरिषदेचे ७८ सदस्यही आमदारच, ही नोंद विधानसभेपुरती.) मुदत पाच वर्षे, वयाची अट किमान २५. सभांच्या गर्दीवर ती मिळते असा समज असला, तरी मिळणे, टिकणे आणि जाणे बरेचसे कागदावर ठरते.

उमेदवारी. उमेदवार राज्यातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो. बाहेरचा असल्यास मतदार यादीचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते न पडल्यास पराभूताची अनामत जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (उमेदवाराचे नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. गोची इथेच होते. पक्षाचा एबी फॉर्म (हाच आपला अधिकृत उमेदवार असे सांगणारे पत्र) अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोहोचला नाही तर चिन्ह जातेच, शिवाय सूचक एकच असल्याने अर्जही बाद होतो. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, म्हणून जाणते कार्यकर्ते दहा सूचकांचा एक अर्ज हाताशी ठेवतात. गुन्हे आणि मालमत्तेची माहिती देणाऱ्या नमुना २६च्या शपथपत्रात रकाना कोरा सोडू नये. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. सबळ कारणाविना तो न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, आणि हरलेले उमेदवार हे हमखास विसरतात.

सभागृहात. मुख्यमंत्री धरून मंत्री जास्तीत जास्त ४३ (१५ टक्के), तेव्हा बहुतेकांची कारकीर्द बाकांवरच जाते. त्यांची हत्यारे म्हणजे तारांकित (तोंडी उत्तराचा) प्रश्न, नियम १०५ची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना) आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची नियम २९३ची चर्चा. प्रश्नाची सुरुवात ठरलेली: ‘हे खरे आहे काय?’ प्रश्न मोघम असेल तर ‘अंशतः खरे आहे’ एवढ्यावर बोळवण होते. गाव, कामाचे नाव आणि मंजुरीची तारीख घातली की मंत्र्याला निसटायला जागा उरत नाही.

स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी. आमदार फक्त काम सुचवतो, पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. जागा सार्वजनिक मालकीची नसली की प्रस्ताव अडतो आणि नारळ फोडलेले काम तसेच राहते.

टिकणे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षासारख्या छोट्या पक्षातून ११ वेळा निवडून आले. १९६२ साली पहिल्यांदा, २०१४ साली शेवटचे. मधे १९७२ आणि १९९५ साली ते हरले, पण मतदारसंघ आणि पक्ष दोन्ही बदलले नाहीत. असे उदाहरण विरळाच.

जाणे. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व तत्काळ जाते. अपील केल्यावर मिळणारे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केले. परवानगीविना सलग ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त ठरवू शकते. निवडीला आव्हान द्यायचे तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. पक्षादेश (व्हिप) मोडल्यास संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, लागते. पक्षाने १५ दिवसांत माफ केले तर प्रश्न मिटतो. निर्णय विधानसभा अध्यक्षांचा, आणि अनुसूचीत त्यांना कालमर्यादा घातलेली नाही. जून २०२२ मधील शिवसेनेच्या फुटीवरचा निकाल १० जानेवारी २०२४ रोजी लागला, तोवर सगळे आमदार सभागृहात बसतच होते.