दात काढल्यावर इम्प्लांट कधी? ‘लगेच’ या शब्दाची पार्श्वभूमी

पुण्यात समोरचा दात मोडून आलेला माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो: “डॉक्टर, लगेच बसेल ना?” त्याच्या मनात लगेच म्हणजे संध्याकाळी हसता येईल असा दात. डॉक्टरांच्या बोलण्यात लगेच म्हणजे दात काढला त्याच खड्ड्यात आजच इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसणारा स्क्रू. त्यावरची कॅप, म्हणजे दिसणारा दात, तीन-चार महिन्यांनीही येईल. स्क्रू लगेच आणि दात लगेच हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि मराठीत दोन्हींना शब्द मात्र एकच. घरी जाऊन होणारी बरीच चिडचिड इथूनच सुरू होते.

सुरुवातीला हा गोंधळ नव्हता. स्वीडनमध्ये १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटेनियमचे स्क्रू बसवले, त्यानंतरची रीत सबुरीची होती. दात काढल्यावर सहा महिने ते वर्षभर जागा भरू द्यायची. मग स्क्रू, आणि तो हाडात रुजायला खालच्या जबड्यात तीन, वरच्यात सहा महिने.

नंतर घाई आली, आणि तिच्यामागे चांगला हेतू होता. दात गेला की वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच. ताज्या खड्ड्यात स्क्रू घातला तर हाड टिकेल, असं १९९०च्या दशकात अनेकांनी मानलं. २००५च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी हा समज मोडला. खड्ड्याची ओठाकडची भिंत आतून ज्या हाडाची असते, ते दाताच्या मुळाला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या आधारावर जगतं. मूळ गेलं की ते विरघळतं, शेजारी टायटेनियम असो वा नसो. समोरच्या दातात हिरडी एक-दोन मिलिमीटर जरी वर सरकली, तरी शेजारच्या दाताशी तुलना होते आणि रोज आरशात ते दिसत राहतं.

दरम्यान २००४ साली तज्ज्ञांच्या सहमतीने चार गट ठरले: त्याच दिवशी, ४ ते ८ आठवड्यांनी, १२ ते १६ आठवड्यांनी आणि १६ आठवड्यांनंतर. माझ्या मते खरा शहाणपणा दुसऱ्या गटात आहे. खड्ड्यावर हिरडी चढलेली असते, पू असलाच तर निवळलेला असतो आणि हाड अजून फार झिजलेलं नसतं. पाट्यांवर जाहिरात मात्र पहिल्याचीच होते.

पुढे सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, हाताशी आला आणि वाद बराचसा मोजमापावर आला. ओठाकडची भिंत शाबूत, १ मिलिमीटरहून जाड, हिरडीही जाड, तर त्याच दिवशी स्क्रू घालावा. मग भिंत आणि स्क्रू यांच्यातल्या फटीत बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, भरतात. वरच्या समोरच्या बहुतेक दातांत ही भिंत १ मिलिमीटरहून पातळच निघते. आणि ती दात काढण्याआधीच स्कॅनवर मोजता येते.