झ्युग्मा : पाण्याने घेतलेले शहर आणि चुन्याने राखलेल्या भिंती

बैलांच्या मानेवर ठेवायच्या जुवाला प्राचीन ग्रीक भाषेत ‘झ्युगॉन’ म्हणत. मराठीतले ‘जू’, संस्कृतातले ‘युग’ आणि हा ग्रीक शब्द एकाच मुळातून फुटलेले आहेत. त्याच धातूपासून ‘झ्युग्मा’ हा जोड किंवा सांधा या अर्थाचा शब्द तयार झाला आणि युफ्रेटिस नदीचे दोन काठ जिथे पुलाने सांधले गेले होते, त्या गावाला तेच नाव पडले. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, गाझियान्तेप प्रांतातल्या बेल्किस खेड्याजवळ हे शहर होते. त्याचा नदीलगतचा सखल भाग २००० सालापासून धरणाच्या पाण्याखाली आहे. रोमन काळातील अवशेष जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर शोधताना मला या शहराची आठवण वारंवार होते. वर काढणे, जागेवर झाकणे, आहे तिथे सोडून देणे, अशा तीनही वाटा इथे एकाच उन्हाळ्यात, तेही घाईघाईने, निवडाव्या लागल्या होत्या.

सिकंदराचा सेनापती सेल्युकस याने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास नदीच्या दोन्ही तीरांवर एकेक नगर वसवले. पुढे हा मुलूख रोमच्या अमलाखाली आला, रोमन सैन्याच्या चौथ्या सिथियन लीजनची, म्हणजे पलटणीची, छावणी इथे पडली आणि पूर्वेकडून येणारा माल नदी ओलांडून पश्चिमेकडे जाताना जकातीचा पैसा गावात खेळू लागला. मालाच्या गाठोड्यांना आणि दस्तऐवजांना बांधलेल्या दोरीवर मातीचा गोळा दाबून त्यावर मुद्रा उमटवण्याची पद्धत होती. असे हजारो मुद्रांकित गोळे उत्खननात सापडले, यावरून या घाटावरच्या उलाढालीची कल्पना येते. सैन्यातले अधिकारी आणि व्यापारी यांनी नदीकडे तोंड करून उतारावर घरे बांधली, मधोमध खांबांचे अंगण आणि उथळ हौद ठेवला, आणि जमिनीवर रंगीत खडे जडवून मोझेकची चित्रे घडवून घेतली.

इसवी सन २५२-२५३ च्या सुमारास इराणचा सासानी राजा पहिला शापूर याच्या सैन्याने शहर लुटून जाळले. शहराचे पूर्वीचे वैभव यानंतर परतले नाही. जतनाच्या दृष्टीने मात्र त्या आगीनंतर जे घडले ते फार मोलाचे ठरले. जळालेली छपरे आणि मातीच्या विटांच्या भिंती खोल्यांमध्ये कोसळल्या आणि त्यावर डोंगरउताराची माती पावसागणिक घसरत राहिली. काही घरे कित्येक मीटर मातीखाली गाडली गेली. अशा जाड थराखाली ऊन पोहोचत नाही, दिवसरात्रीच्या तापमानातला फरक जाणवत नाही आणि ओलावा जवळपास सारखाच राहतो. दगड, चुना आणि रंग यांना खरा त्रास होतो तो ओल आणि सुकेपणा यांच्या सततच्या आलटापालटीने, आणि माती नेमकी तीच थांबवते. सतराशे वर्षे या फरश्या कोणीही न सांभाळता सुरक्षित राहिल्या, त्याचे श्रेय या मातीचे आहे.

या फरश्यांची बांधणी समजल्याखेरीज त्या वाचवण्यातली अडचण समजत नाही. आपल्याला दिसते ते चित्र म्हणजे वरचा पातळ थर असतो. त्याच्या तळाशी मोठ्या गोट्यांची भर, त्यावर खडी आणि चुन्याचा जाडसर थर, त्यावर विटांचा चुरा मिसळलेल्या चुन्याचा बारीक थर आणि अगदी वर ओल्या चुन्यात एकेक करून बसवलेले घडीव खडे, अशी ती रचना असते. विटांचा चुरा घातलेला हा चुना म्हणजे आपल्याकडची चुना-सुरखीच. जुन्या वाड्यांच्या आणि हौदांच्या बांधकामात ती वापरली गेली आहे आणि पाण्यातही घट्ट होण्याचा तिचा गुण रोमन गवंड्यांना चांगला ठाऊक होता. झ्युग्मातील कारागिरांनी नदीकाठी मिळणाऱ्या दगडांमधून पांढरा, पिवळा, तांबडा, काळा असे रंग निवडले आणि दगडात न मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या छटांसाठी काच वापरली. जवळून पाहिले तर गालाचा खडा आणि कपाळाचा खडा यांच्या ओळी वेगळ्या दिशांनी वळवलेल्या दिसतात, नाकाच्या कडेला खडे बारीक होत जातात आणि सावली म्हणजे प्रत्यक्षात तीनचार तपकिरी छटांची शेजारी शेजारी लावलेली रांग असते.

‘जिप्सी मुलगी’ या नावाने जगभर पोहोचलेला चेहरा याच पद्धतीने घडलेला आहे. विस्कटलेले केस, डोक्यावर बांधलेला रुमाल, कानातली मोठी वळी आणि कुठूनही पाहिले तरी आपल्याकडेच वळलेले डोळे. ती बहुधा मद्याचा देव डायोनिसस याच्या परिवारातली मिनॅड, म्हणजे त्याची भक्त स्त्री, असावी. ‘जिप्सी’ हे नाव तिला आजच्या लोकांनी दिलेले आहे. हा तुकडा वाचला, कारण त्यावर एक खांब कोसळून पडला होता आणि चोरांना तो हलवता आला नाही. त्याच फरशीचे आजूबाजूचे भाग मात्र त्यांनी उचलून नेले होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने १९६५ साली ३५,००० डॉलर देऊन मोझेकचे बारा तुकडे विकत घेतले होते आणि ते अँटिओक या दुसऱ्या प्राचीन शहरातले आहेत अशी तेव्हा समजूत होती. पुढे अभ्यासकांनी त्यांची शैली आणि रचना झ्युग्मातील फरशीशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांचे मूळ घर लक्षात आले. २०१८ साली ते बाराही तुकडे गाझियान्तेपला परतले.

चोरीने होणारे नुकसान केवळ मालकीचे नसते, आणि ही गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. फरशीतून एखादा चेहरा कापून काढला की ती खोली कोणती होती, चित्रासमोर जेवणाचे मंचक होते की पाण्याचा हौद, पाहणारा कोणत्या दारातून आत येत असे, ही सगळी माहिती कायमची जाते. मेटिओखस आणि पार्थेनोपी या प्रेमिकांचे मोझेक संशोधकांना सापडले तेव्हा दोघांचेही चेहरे कापून नेलेले होते. ते अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये असल्याचे उघड झाले आणि २००० साली परत मिळून चित्र पुन्हा जुळले. डायोनिसस आणि एरियाडनी यांच्या विवाहाचे चित्र १९९२ साली सापडल्यावर जागेवरच ठेवले होते. १९९८ साली त्यातला बराचसा भाग चोरीला गेला. वस्तुतः या भूमीतून निघणारी प्रत्येक पुराणवस्तू सरकारी मालकीची असून ती देशाबाहेर नेता येणार नाही, असा नियम ऑटोमन काळातच, १८८४ साली, चित्रकार आणि संग्रहालयाचे संचालक उस्मान हमदी बे यांच्या पुढाकाराने झाला होता. नियमाचा कागद आजही परदेशातल्या वस्तू परत मागताना उपयोगी पडतो, परंतु रात्री उतारावर भुयार खणणाऱ्याला थांबवायला पहाराच लागतो.

चोरांपेक्षा मोठे संकट नदीच्या खालच्या बाजूला उभे राहिले. वीज आणि सिंचन यांसाठी युफ्रेटिसवर बांधलेल्या ६७२ मेगावॅट क्षमतेच्या बिरेजिक धरणात २००० सालच्या उन्हाळ्यात पाणी चढू लागले. गाझियान्तेप संग्रहालयाचे आणि फ्रेंच पथकाचे संशोधक नव्वदच्या दशकात तिथे खोदत होतेच, पण त्यांच्या हाती असलेला पैसा आणि मनुष्यबळ एका शहराला पुरणारे नव्हते. धरणाची जागा कित्येक वर्षे आधी ठरलेली असताना खरी धावपळ पाणी दारात आल्यावर सुरू व्हावी, ही या कथेतली सर्वांत खेदाची बाब आहे. मे महिन्यात अमेरिकी वृत्तपत्रात बातमी आली, पॅकार्ड मानव्यविद्या संस्थेने ५० लाख डॉलर दिले आणि तुर्की संशोधकांच्या जोडीला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आणि रोमहून आलेले जतनतज्ज्ञ उतारावर उतरले. ऑक्टोबरपर्यंत जे साधेल ते साधायचे होते.

मोझेक उचलण्याची पद्धत ऐकायला सोपी वाटते. पृष्ठभाग स्वच्छ करून वाळवायचा, प्रत्येक भागाचे छायाचित्र आणि आरेखन करायचे, मग वरून सुती कापड अशा डिंकाने चिकटवायचे की जो नंतर विरघळवून काढता येईल. कापडाच्या ताकदीवर सगळे खडे आपापल्या जागी धरले जातात. त्यानंतर पार्श्वभूमीतल्या साध्या जागेतून, चेहरा किंवा हात न दुभंगेल अशा रेषेवर, फरशीचे भाग पाडायचे आणि खालच्या चुन्यात लांब सपाट छिन्न्या सरकवत वरचा थर मोकळा करायचा. मोकळा झालेला भाग फळीवर उलटा घ्यायचा, म्हणजे चित्र खाली आणि खड्यांच्या पाठी वर येतात. पाठीला चिकटलेला जुना चुना प्रयोगशाळेत हळूहळू खरवडला जातो, आणि काही वेळा त्याच्याखाली कारागिराने खडे बसवण्यापूर्वी ओल्या चुन्यावर आखलेल्या रेषा दिसतात. उचलण्याने नुकसान होते हे जतनतज्ज्ञ कधीच नाकारत नाहीत. जमिनीशी असलेले फरशीचे नाते त्या क्षणी तुटते, म्हणून अन्य मार्ग उरला नाही तरच हा उपाय करावा असा संकेत आहे.

सगळे उचलणे शक्यही नव्हते. भिंती, खांबांची बैठक, साधे दगडी रस्ते आणि हौद यांना जागेवरच पाण्याच्या स्वाधीन करायचे होते आणि इथेच या मोहिमेतला, माझ्या मते, सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग येतो. भिंतींचे सांधे आणि कडा चुन्याच्या मसाल्याने भरून घेतल्या गेल्या, फुटक्या कोपऱ्यांना आधार दिला गेला आणि उघड्या अवशेषांवर वाळू व रेती पसरून ते पुन्हा झाकले गेले. सिमेंट हाताशी असताना चुनाच निवडण्यामागे रसायनशास्त्र आहे. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कितीतरी कठीण असते, त्यामुळे ताण आला की सिमेंट टिकते आणि शेजारचा मूळ दगड फुटतो. शिवाय त्यातून विरघळणारे क्षार बाहेर पडतात, ते दगडाच्या छिद्रांत जाऊन पाणी सुकताना स्फटिक बनतात आणि आतून दाब देऊन पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. धरणाच्या तळाशी खोलवर असलेल्या भिंतीला तुलनेने धोका कमी असतो. पातळी वरखाली होते त्या पट्ट्यात मात्र लाटा माती धुऊन नेतात आणि भिंत वर्षातून अनेकदा भिजते व वाळते. तिथे वाळूचे पांघरूण टिकणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

सिमेंटचा धडा जतनशास्त्राने स्वतःच्या चुकांतून घेतला आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात, भूमध्य प्रदेशात सर्वत्र, उचललेली मोझेक लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटच्या लाद्यांवर बसवली जात. त्या लाद्या प्रचंड जड होत्या. काही दशकांत आतले गज गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, तेव्हा लादी आतून फुटली आणि तिच्याबरोबर वरचे चित्रही तडकले. आता त्या जागी चुन्याचा थर आणि त्याखाली मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेला ॲल्युमिनियमचा हलका पत्रा वापरतात. चुन्याचा थर मध्ये ठेवण्याचे कारण असे की पुढच्या पिढीला याहून चांगली युक्ती सापडली, तर खड्यांना धक्का न लावता पाठ बदलता यावी.

गाझियान्तेपमधील झ्युग्मा मोझेक संग्रहालय २०११ साली जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर उघडले आणि सुमारे १,७०० चौरस मीटर मोझेक तिथे मांडलेले आहे. फरश्या नुसत्या भिंतीवर न टांगता काही घरांचे खांब, भिंतींवरची रंगचित्रे आणि अंगणे मूळ मांडणीप्रमाणे उभी केली आहेत, त्यामुळे हौदाच्या तळाशी असलेला समुद्रदेव पोसायडन पाण्यातून कसा दिसत असेल याचा अंदाज करता येतो. एका चित्रात युफ्रेटिसचा नदीदेव कुशीवर रेलून बसला आहे. ज्या घराच्या जमिनीवर तो होता, त्या घरात आता तीच नदी आहे. जिप्सी मुलीला अंधाऱ्या खोलीत एकटीला ठेवले आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या ७.८ क्षमतेच्या भूकंपात याच शहरातल्या किल्ल्याच्या तटबंदीचे भाग उतारावरून खाली ओघळले, पण संग्रहालयातील मोझेकना मोठी इजा झाली नाही.

उचलणे टाळता आले तर काय करता येते हे तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एफेसस या प्राचीन शहरात दिसते. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग शेकडो वर्षांपूर्वीच्या भूकंपात कोसळून तिथेच पडून होता. १९७० ते १९७८ या काळात ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी एकेका शिळेवरची नक्षी आणि खाचा जुळवत तो मूळ दगडांतूनच पुन्हा उभारला. जवळच्या श्रीमंत घरांवर २००० साली हलके छप्पर घालण्यात आले, त्याखाली मोझेक आणि भित्तिचित्रे आपल्या खोल्यांतच आहेत, आणि फुटक्या संगमरवरी लाद्यांचे तुकडे लांबलचक मेजांवर जुळवणारे तज्ज्ञ येणाऱ्या-जाणाऱ्यांना काम करताना दिसतात. छप्पर म्हणजे फक्त आडोसा नव्हे. त्याखाली हवा कोंडली तर ओल वाढते, मोकळी सोडली तर धूळ आणि पक्षी येतात, म्हणून अशा छताखालचे तापमान आणि आर्द्रता सतत मोजावी लागते.

हाच मार्ग झ्युग्माच्या वरच्या उतारावर घेतला गेला. अंकारा विद्यापीठाच्या पथकाने पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर असलेल्या दोन घरांवर छप्पर उभारले असून त्यांतल्या फरश्या आणि रंगवलेल्या भिंती जागेवरच राखल्या आहेत. शहराचा बहुतांश भाग अजून खोदलेला नाही. त्यावर पिस्त्याच्या बागा आहेत, झाडांच्या ओळींमधून मधूनच एखादा घडीव दगड वर आलेला दिसतो आणि खाली निळ्या पाण्याची कड संथपणे डोंगराला टेकलेली असते. नवी घरे उघडण्याआधी त्यांच्यावर छप्पर घालायला आणि ते वर्षानुवर्षे सांभाळायला पैसा व माणसे आहेत का, हा हिशेब आधी करावा लागतो. तो जुळेपर्यंत उरलेल्या खोल्या पिस्त्याच्या मुळांखाली, ज्या मातीने त्या आजवर राखल्या तिच्यातच आहेत.