पडून राहिलेला कॅमेरा का बिघडतो?

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ‘बंद आहे’ म्हणून स्वस्तात मिळणारा फिल्म कॅमेरा बहुतेक वेळा झिजलेला नसतो. दातेरी चाकं शाबूत असतात, स्प्रिंगाही ठीक असतात. बिघडलेलं असतं ते रबर, फोम, ग्रीस आणि काचेवरचा लेप, म्हणजे नुसतं ठेवून दिलं तरी ज्यांच्यात रासायनिक बदल होत राहतात असे भाग. दुरुस्तीचा छंद लागलेल्याने स्क्रूड्रायव्हरआधी ही रसायनं ओळखावीत.

१९६६ साली आलेला यशिका इलेक्ट्रो ३५ आणि त्याच मालिकेतला पुढचा जीएसएन हे शिकण्यासाठी उत्तम नमुने आहेत. यांत फिल्म पुढे सरकवण्याच्या यंत्रणेत रबराची एक इवलीशी गादी असते. ती कुजून भुगा झाली की आतली दांडी आपल्या जागी परतत नाही आणि शटर चुकीचा वेळ घेऊ लागतं. ओळखायला सोपं आहे. लीव्हर ओढताना आतून ‘ठक्’ असा दबका आवाज यायला हवा. तो नसेल तर किंमत निम्मी करून मागा, कारण त्या गादीपर्यंत पोचायला कॅमेरा बराच उघडावा लागतो. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

दुसरी तपासणी बॅटरीची. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. तिच्या जागी ६ व्होल्टची ४एलआर४४ बसते. ती आकाराने लहान असल्यामुळे उरलेली जागा भरायला धातूचा तुकडा किंवा स्प्रिंग लागते. बॅटरी नसेल तर हा कॅमेरा एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने चालतो, म्हणजे ‘क्लिक’ ऐकू आला म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. बॅटरी घालून कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवा, प्रकाशमापकाच्या खिडकीवर बोट ठेवा आणि बटण दाबा. शटर काही सेकंद उघडं राहिलं पाहिजे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर दिसला तर अल्कलाइन बॅटरी गळलेली आहे. तिच्यातला द्रव आम्लारी असतो, म्हणून व्हिनेगरच्या ओल्या बोळ्याने पुसावं, मग पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

पात्यांचं शटर (भिंगातल्या पातळ पात्यांनी उघडझाप करणारं) मंद होण्यामागे सहसा फोकसच्या आट्यांतलं ग्रीस असतं. त्यातलं तेल वर्षानुवर्षं सरकत पात्यांवर येतं. ही पाती कोरडीच चालायला हवीत. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर आला की ती एकमेकींना चिकटतात आणि नाजूक स्प्रिंगला ती सोडवता येत नाहीत. इथे सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे ‘समोरून लायटरचं पेट्रोल सोडा’. त्याने तेल विरघळतं, दोन दिवस शटर छान चालतं, मग पेट्रोल उडून जातं आणि तेवढंच तेल आणखी पसरून मागे राहतं. त्याऐवजी पुढची काच काढून, त्याच पेट्रोलमध्ये बोळा भिजवून पाती पुसायची, शटर उडवायचं, पुन्हा पुसायचं. बोळा स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं. स्क्रूबद्दल एक सूचना: जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू फिलिप्स दिसत असले तरी जेआयएस म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे असतात. साध्या फिलिप्सने त्यांची डोकी सोलली जातात.

फोमचं काम मात्र घरी बिनधास्त करा. पाठीच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता त्याच्या साखळ्यांमधले एस्टर बंध तोडते आणि स्पंजाचा डांबरासारखा चिकटा होतो. मग रंगीत फोटोंवर नारिंगी-लाल पट्टे उमटतात. बांबूची काडी छिन्नीसारखी तासायची, आयसोप्रोपिल लावून दहा मिनिटं थांबायचं, मग खरवडायचं. धातूचं टोक वापरलं तर रंग जातो. कॅमेरा उलटा धरावा म्हणजे भुगा आत पडत नाही. एसएलआरमध्ये (भिंगातून आलेलं दृश्य आरशाने वर दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) आरशाजवळचा फोमही बदलावा लागतो, पण वरच्या फोकसिंग स्क्रीनला अल्कोहोलचा थेंब लागू देऊ नका. ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, कायमची धुरकट होते. अरुंद खाचेत काळी लोकर पुरते, बिजागरीशी मखमलीची पट्टी. गोंदाचा फोम लावताना चिकट बाजू पाण्याने ओली केली की तो सरकवून नीट बसवता येतो.

उरली बुरशी. टॉर्चचा प्रकाश भिंगातून तिरपा टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, वापरण्याच्या वेळीच मिसळून सुट्या काढलेल्या काचेवर काही मिनिटं ठेवावं आणि पुसावं. हे मिश्रण बंद बाटलीत भरून ठेवू नये, त्यातून वायू निघतो. बुरशीच्या आम्लाने लेप खाल्ला असेल तर डाग राहणारच. दोन चिकटवलेल्या काचांच्या मध्ये बुरशी असेल तर ते भिंग सोडून द्या. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कॅमेरा कातडी केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण: कातडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर असावा.

दुरुस्तीनंतरचा पहिला रोल कृष्णधवल घाला आणि प्रत्येक फोटोचा वेग लिहून ठेवा. सगळ्याच निगेटिव्ह गडद आल्या तर शटर मंद किंवा मापक चुकतोय. काळे पट्टे कडेच्या भोकांपर्यंत गेले असतील तर पाठीतून प्रकाश शिरतोय. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमवर एकाच जागी ठिपका दिसला तर पडद्याला छिद्र आहे.